उंदरांचा मेंदू बीपीच्या औषधाने वाचतो, मग आईला जादा गोळी द्यायला हवी होती का?

सायली_मिरज:
तीन आठवड्यांपूर्वी आईला पॅरालिसिसचा झटका आला. फुलं काढताना हातातली परडी निसटली, तोंड वाकडं झालं. घरच्या मशीनवर बीपी १९२/१०४. बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० रोज चालू आहे. आता चुलतभावाने एक लेख पाठवलाय, की उंदरांना बीपीचं औषध दिलं तर मेंदूचं नुकसान कमी होतं. तो म्हणतो, तेव्हाच दोन गोळ्या दिल्या असत्या तर काकूचा हात वाचला असता. पाकीट माझ्या हातातच होतं हो. पण तिला पाण्याच्या घोटाचाही ठसका लागला, म्हणून दिली नाही. दवाखान्यातही पहिल्या दिवशी बीपी उतरवलं नाही. माझं चुकलं का?

केदार_कोथरूड:
सायलीताई, गोळी दिली नाहीत हे योग्यच केलंत. मी चार वर्षं हेच प्रयोग केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उंदराला झटका आम्ही घडवून आणतो. टोक गोल केलेला नायलॉनचा बारीक धागा मानेतल्या धमनीतून वर सरकवून मेंदूच्या मधल्या धमनीच्या तोंडाशी बसवायचा, दीड-दोन तासांनी काढून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी मेंदूचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून टीटीसीच्या द्रावणात ठेवायचे. जिवंत भाग विटेसारखा लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. कँडेसार्टन (टेल्मिसार्टनच्याच गटातलं बीपीचं औषध) दिलेल्या उंदराच्या कापांवर तो पांढरा डाग पहिल्यांदा लहान दिसला, तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. तेव्हा लेख खोटा नाही.

पण औषध कधी दिलं होतं ते बघा. आम्ही ते धागा घालायच्या आधीपासून रोज देत होतो. हे उंदीर आनुवंशिक उच्च रक्तदाबाचे. ही जात १९६३ साली क्योटोत तयार झाली. त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद झालेल्या असतात. काही आठवडे औषध पोटात गेलं की त्या मोकळ्या होतात, आणि झटका आला तरी आजूबाजूने रक्त पोचतं. झटक्यानंतर औषध देऊनही काही प्रयोगांत फायदा दिसलाय, पण बेताच्या डोसला. डोस वाढवून दाब फार खाली नेला की तो फायदा उरला नाही. रक्ताच्या गुठळीने धमनी बंद झाली की मेंदूचा आसपासचा अर्धमेला भाग बाजूच्या बारीक वाटांनी येणाऱ्या रक्तावर तग धरतो, आणि त्या रक्ताला मागून रेटा लागतो. तुम्हाला दिसलेले १९२ म्हणजे बऱ्याच अंशी तो रेटा.

माणसांवरही करून पाहिलंय. स्कास्ट या चाचणीत २०२९ रुग्णांपैकी निम्म्यांना झटक्यानंतर ३० तासांच्या आत कँडेसार्टन सुरू केलं. २०११ मध्ये निष्कर्ष आले. फायदा नाही, उलट कल थोडा वाईटाकडेच.

सिस्टर_नाशिक:
न्यूरो आयसीयूत १७ वर्षं आहे. पूर्वी निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची पद्धत होती. बीपी असं धाडकन पडायचं की पेशंट डोळ्यांदेखत आणखी ढासळायचा. ते बंद झालं हे फार बरं झालं. आता गुठळीचा झटका असेल आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर सहसा २२०/१२० च्या वर गेल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. इंजेक्शन द्यायचं असेल तर मात्र आधी १८५/११० च्या खाली आणावं लागतं. रक्तस्राव असेल तर हिशेबच उलटा, तिथे लवकर उतरवतात. गुठळी की रक्तस्राव हे सीटीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच बीपी उतरवून पाहिलं, २०२४ ची चाचणी, २४०४ रुग्ण. रक्तस्राववाल्यांना फायदा झाला, गुठळीवाल्यांचं नुकसान. आणि ठसका लागत असताना गोळी दिली असती तर ती श्वासनलिकेत जाऊ शकली असती ताई.

सायली_मिरज:
आईचं गुठळीचंच निघालं. सिस्टर, गोळी श्वासनलिकेत जाईल हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन आठवडे नीट झोप नाही मला. टेल्मिसार्टन चौथ्या दिवशी पुन्हा चालू केलंय. पण आधी महिन्यातून चार-पाच दिवस ती गोळी चुकवायची, "आज बरं वाटतंय" म्हणून.

केदार_कोथरूड:
भाऊंना हे चुकलेले दिवस दाखवा. प्रोग्रेस चाचणीत, २००१, झटका येऊन गेलेले ६१०५ लोक होते. रोज पेरिंडोप्रिल, बऱ्याच जणांना सोबत इंडापामाइड, दोन्ही बीपीचीच औषधं. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. माझ्या उंदरांनाही औषध रोज मिळायचं, रविवारीसुद्धा. मी स्वतः जाऊन द्यायचो.