बल्गेरियन ‘वल्क’ आपल्या ‘वृक’चा लेक की भाऊ?

सोफियाची_सून: लग्नानंतर सोफियात आले, बल्गेरियन शिकतेय. लांडग्याला इथे ‘वल्क’ म्हणतात, आणि त्यातला स्वर अगदी आपला ‘अ’. लगेच संस्कृतातला ‘वृक’, म्हणजे लांडगाच, आठवला. अनेक लांडगे म्हणजे ‘वल्त्सि’, पण दोन लांडगे म्हणजे ‘द्वा वल्का’! लहानपणी आजोबांकडून ऋग्वेदातलं ‘द्वा सुपर्णा सयुजा सखाया’ (दोन पक्षी, जोडीचे सखे) पाठ केलेलं, त्यातही दोघांसाठी हाच शेवटचा ‘आ’. वर्गात अंगावर काटा आला. माझं मत ठाम आहे: हा शब्द संस्कृतातूनच इकडे आलाय.

धातुपाठ: साम्य खरं, पण अनुमान चुकतंय. ‘ल’कडे बघा. लिथुएनियन ‘विल्कास’, गॉथिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातली जुनी भाषा) ‘वुल्फ्स’, सगळीकडे ‘ल’. फक्त संस्कृत आणि अवेस्ताच्या (प्राचीन इराणी भाषेच्या) शाखेत त्याच्या जागी ‘र’ आला. शब्द आपल्याकडून गेला असता, तर गेलेला ‘ल’ या सगळ्यांनी नेमका त्याच जागी परत कुठून आणला? ही भावंडं आहेत. आई त्याहून जुनी, जिचा एकही लेख उरलेला नाही.

सोफियाची_सून: आणि द्विवचन? ते तर संस्कृतचंच ना?

धातुपाठ: नाही हो. होमरच्या ग्रीकमध्ये होतं, स्लोव्हेनियनमध्ये आजही आहे. बल्गेरियनमधून द्विवचन गेलं, नामाच्या विभक्तीही जवळजवळ गेल्या, पण हा ‘आ’ तेवढा चिकटून राहिला. आता तो दोनहून मोठ्या आकड्यांनंतरही येतो: पाच लांडगे म्हणजे ‘पेत वल्का’. संस्कृतात ‘पञ्च वृकाः’, तिथे बहुवचनच. उसना घेतलेला प्रत्यय असा वागत नाही, घरातलाच असा वाढतो.

रानवाटा: मला दोघांचंही पटत नाही. लेक की भाऊ हे ठरवताना एक गोष्ट राहतेय. आपण मराठी माणसांनी ‘वृक’ कधीच सोडला, आपल्या रानात ‘लांडगा’ आहे. बल्गेरियात मात्र तो शब्द रोजच्या तोंडात आहे, मुलांची नावंसुद्धा ‘वल्को’, ‘वल्चो’ ठेवतात. ज्यांनी जपला त्यांचा तो. मालकी कसली सांगता?

सोफियाची_सून: ‘ल’चा मुद्दा मान्य, ‘लेक’ मागे घेते. पण रानवाटा, मी मालकी सांगत नाहीये. शेजारच्या आजी नातवाला गोष्ट सांगताना लांडग्याला ‘कुम्चो वल्चो’ म्हणतात. माझी आजी ज्या सुरात ‘कोल्होबा’ म्हणायची, अगदी त्याच सुरात. तो सूर ऐकला की मला इथे परकं वाटत नाही, एवढंच.