मदत हवी आहे : कोचला हटवा म्हणणाऱ्या पत्रावर सही करू का?

शेवटचा क्वार्टर (धागाकर्ता)

मंडळी, बास्केटबॉल नियमित बघणाऱ्यांकडून जरा सल्ला हवा आहे.

मी एनबीएमधल्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ज्या संघाचा चाहता आहे त्याचं यंदा पार वाटोळं झालंय. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहा प्रतिसादांत त्या संघाची उणीदुणी निघतील आणि प्रश्न बाजूला राहील. आमच्या चाहत्यांच्या गटाने संघमालकांसाठी एक खुलं पत्र तयार केलंय. मागणी एकच: मुख्य कोचला आत्ताच, हंगामाच्या मध्यात, काढा. बहुतेकांनी सही केली आहे, माझी राहिली आहे. "तू नक्की कोणाच्या बाजूने?" हेही विचारून झालंय.

मला जे दिसतं ते सांगतो. पहिला हाफ आम्ही बरा खेळतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये घसरगुंडी सुरू होते आणि कोच टाइमआउट घेतो. टाइमआउट संपतो, बॉल आत येतो, आणि आमचा मुख्य गार्ड (बॉल पुढे नेणारा खेळाडू) थ्री पॉइंट रेषेबाहेर मधोमध उभा राहून ड्रिबल करत बसतो. बाकीचे चौघे कमरेवर हात ठेवून बघतात. चोवीस सेकंदांच्या घड्याळात पाच-सहा उरले की घाईघाईने एक स्क्रीन (बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं), आणि तोंडावर हात असताना फेकलेला थ्री. रिंगला लागून उडालेला बॉल समोरचे घेऊन पळतात आणि आमचे तिघे अजून त्यांच्याच बास्केटखाली. हे एखाद्या रात्री झालं तर समजू शकतो. हे नेहमीचं झालंय.

आता दुसरी बाजू. पहिल्या पाचातले दोघे बराच काळ दुखापतीमुळे बाहेर आहेत. उन्हाळ्यात, म्हणजे हंगाम नसताना, मॅनेजमेंटने आमचा अनुभवी गार्ड देऊन टाकला आणि त्या बदल्यात पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) घेतले. हाच कोच मागच्या हंगामात याच संघाला प्लेऑफमध्ये घेऊन गेला होता.

तर दोष कोचचा की संघाचा हे ओळखायचं कसं? आणि मध्यातच कोच बदलल्याने खरंच काही होतं का? जाणकारांनी सांगावं.

टोमणे

चाहत्यांचं पत्र वाचून अब्जाधीश मालक कोच काढणार. बरं. चालू द्या.

जुनाट प्रेक्षक

होतं की. पण कुठे होतं ते बघा.

लेकर्सनी 1981 मध्ये पॉल वेस्टहेडना हंगाम सुरू होऊन जेमतेम 11 सामने झाले असताना काढलं. मॅजिक जॉन्सनने तर त्याआधी मला दुसरीकडे पाठवा असं उघड सांगितलं होतं. पॅट रायली आले आणि 1982 चं विजेतेपद मिळालं. पुढे 2005 च्या डिसेंबरमध्ये मायामीत स्टॅन व्हॅन गंडींच्या जागी हेच रायली बसले आणि 2006 चा चषक आला. क्लीव्हलंडने तर कमाल केली. जानेवारी 2016 मध्ये डेव्हिड ब्लॅट यांना काढलं तेव्हा संघ 30-11 (30 विजय, 11 पराभव) असा पूर्व विभागात पहिला होता. टायरन लू आले, आणि अंतिम फेरीत 1-3 ने मागे पडूनही त्यांनी गोल्डन स्टेटला हरवलं.

तिन्ही ठिकाणी अंगात विजेतेपदाची ताकद असलेले खेळाडू आधीच होते: मॅजिक-करीम, वेड-शकील, लेब्रॉन-कायरी. तुमच्या संघाकडे तसं काही आहे का, हे आधी प्रामाणिकपणे सांगा.

आणि एवढं असूनही हमी नाही. मिलवॉकीने जानेवारी 2024 मध्ये एड्रियन ग्रिफिन यांना 30-13 वर काढून डॉक रिव्हर्स यांना आणलं. रिव्हर्स यांच्या हाताखाली संघ 17-19 आणि पहिल्याच फेरीत घरी. प्लेऑफमध्ये त्यांचा मुख्य खेळाडू यानिस जखमी होता हे खरं, पण नियमित हंगामातले पराभव त्या खात्यावर सगळे टाकता येत नाहीत.

आकडेमोड्या

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. कोच काढला जातो तो बहुतेक वेळा संघ तळाला असताना. तळाला जाण्यात थोडा भाग नशिबाचा असतो: हातातोंडाशी आलेले सामने एकेका बास्केटने गेलेले असतात, समोरच्यांचे भलतेच थ्री पडलेले असतात. ते नशीब कोणी काही न करताही हळूहळू सरळ होतं. म्हणजे नवा कोच आला की संघ थोडा सुधारतोच, आणि श्रेय त्याला मिळतं. जुनाच राहिला असता तरी त्यातलं बरंचसं झालं असतं. बोस्टन 2021-22 मध्ये 18-21 होतं. इमे उडोका यांचं पहिलंच वर्ष, त्यांच्या नावाने ओरड सुरू झाली होती. कोणी हात लावला नाही. संघ 51-31 वर थांबला आणि अंतिम फेरीत गेला.

तेव्हा शेवटचा क्वार्टर, जय-पराजय सोडा, तीन गोष्टी काढून बघा. एकूण गुणफरक काय आहे? पराभव भरपूर पण गुणफरक शून्याच्या आसपास असेल तर संघ दिसतो तेवढा वाईट नाही. दुसरं, प्रतिस्पर्धी तुमच्याविरुद्ध थ्री किती टक्के टाकतात, आणि ते मोकळे मिळालेले असतात की हात समोर असताना? टक्केवारी बरीचशी नशिबाची, पण मोकळे शॉट किती द्यायचे हे बचावाच्या आखणीवर ठरतं, आणि ते कोचचं काम. तिसरं, ठरलेले पाच जण एकत्र खेळले तेवढ्या मिनिटांत काय झालं?

शेवटचा क्वार्टर (धागाकर्ता)

धन्यवाद दोघांनाही. बसून पाहिलं. गुणफरक वाईट आहे, शून्याच्या जवळपासही नाही. कोपऱ्यातले मोकळे थ्री आम्ही भरमसाट देतो. ठरलेले पाच जण एकत्र खेळलेत इतके कमी की त्यावरून काही बोलण्यात अर्थ नाही.

जुनाट प्रेक्षक, विजेतेपदाची ताकद वगैरे अजिबात नाही. चांगले दिवस असते तर सहावा-सातवा संघ.

तिरका पास

मग काढाच. किती वाट बघायची? 2024 च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटने माँटी विल्यम्सना एकाच हंगामानंतर घरी पाठवलं. सहा वर्षांचा करार होता, बाकीचे पैसे घरबसल्या द्यावे लागले तरी काढलं. त्या हंगामात सलग 28 पराभव आणि शेवटी 14-68. जे. बी. बिकरस्टाफ आले आणि पुढच्याच वर्षी 44-38. मजा म्हणजे बिकरस्टाफना नुकतंच क्लीव्हलंडने काढलं होतं, आणि तिथे आलेल्या केनी ॲटकिन्सन यांनी 64 सामने जिंकून सर्वोत्तम कोचचा पुरस्कार नेला. दोन्ही संघांचं भलं झालं. अजून काय पुरावा हवा?

जुनाट प्रेक्षक

डेट्रॉइटने त्याच उन्हाळ्यात वरची मॅनेजमेंटही बदलली आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे अनुभवी शूटर घेतले. त्यांचा मुख्य गार्ड केड कनिंगहॅम याला पहिल्यांदाच पास द्यायला माणसं मिळाली. कोचचा वाटा नाही असं म्हणत नाही, पण सगळं त्याच्याच नावावर लिहू नका. शिवाय ही दोन्ही उदाहरणं उन्हाळ्यातली आहेत. विचारलंय ते हंगामाच्या मध्याबद्दल.

बेंचवाला

मी वयोगटातल्या मुलांना शिकवतो, व्यावसायिक संघाला नाही, तेव्हा त्या मापाने घ्या.

मध्यात कोच बदलला की बहुतेक वेळा असिस्टंटच पुढे येतो. प्लेबुक (ठरवलेल्या चालींचा संच) तेच. सरावाला वेळ जवळपास नाही, कारण 82 सामन्यांच्या वेळापत्रकात लागोपाठच्या रात्री खेळणं आणि प्रवासच इतका की पूर्ण ताकदीने सराव होतोच कुठे? तो करू शकतो काय, तर कोण सुरुवात करणार, कोण किती मिनिटं खेळणार, पिक अँड रोलवर (स्क्रीन देऊन लगेच बास्केटकडे वळण्याची चाल) सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा उंच खेळाडू, मागे राहणार की वर येणार, आणि बोलण्याचा सूर. हातात नसलेली शूटिंग तो आणू शकत नाही.

पण तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेल्या एका वाक्यावर मी अडकलो: शॉट सुटला तेव्हा तुमचे तिघे समोरच्या बास्केटखाली. लोक याला "पळत नाहीत, जीव ओतत नाहीत" म्हणतात. तो नेहमी आळस नसतो. शॉट सुटताच रिबाउंडला कोणी जायचं आणि कोणी उलट फिरून मागे धावायचं, हा संघाचा ठरलेला नियम असतो. कोपऱ्यातले दोघे आणि सेंटर असे तिघेही आत घुसत असतील तर मागे दोनच उरतात, त्यातला एक नुकताच शॉट मारून तोल सावरत असतो. मग समोरच्यांचा मोकळा थ्री ठरलेलाच. आता हे बघा: तिघे आत जातात तेव्हा कोच बाजूला ओरडतो का? पुढच्या डेड बॉलला (खेळ थांबला की) त्यातल्या एखाद्याला बसवतो का? ओरडत असेल आणि तरी ते जात असतील, तर त्यांनी त्याचं ऐकणं सोडलंय. ओरडत नसेल, तर नियमच तसा आहे आणि तो नियम चुकीचा आहे. दोन्ही कोचचेच प्रश्न, पण पहिल्यावर उपाय म्हणजे माणूस बदलणं. दुसऱ्यावर एका बैठकीत उपाय होतो.

टाइमआउटमध्येही कॅमेरा कोचच्या पाटीवर जातो तेव्हा तुम्ही खेळाडूंकडे बघा. पाटीकडे कोण बघतंय, टॉवेल डोक्यावर घेऊन जमिनीकडे कोण बघतंय, आणि मुख्य खेळाडू बाजूला उभा राहून असिस्टंटशीच बोलतोय का.

शेवटचा क्वार्टर (धागाकर्ता)

बेंचवाला, हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. मागचे काही सामने परत लावले. कोच ओरडत नाही. उलट सेंटरने आक्रमक रिबाउंड घेतला की टाळ्या वाजवतो. म्हणजे नियमच तसा दिसतोय, उंच खेळाडू जखमी असल्यामुळे रिबाउंड कमी पडू नयेत म्हणून सगळे आत. टाइमआउटमध्ये तरुण पोरं पाटीकडे बघतात. मुख्य गार्ड बघतो, मान डोलावतो आणि मग स्वतःचंच करतो.

आकडेमोड्या

मग तो गार्ड काढायला मालक तयार आहेत का, हे पत्रात विचारा :)

जुनाट प्रेक्षक

गंमत बाजूला ठेवू, पण मुद्दा तोच आहे. अनुभवी गार्ड देऊन पिक घेतले, म्हणजे मॅनेजमेंटला यंदा जिंकायचंच आहे का? 2019 मध्ये आलेल्या नियमाने सगळ्यात तळाच्या तीन संघांना पहिल्या पिकची 14-14 टक्के संधी दिली. ओक्लाहोमा सिटीत कोच मार्क डेग्नॉल्ट यांच्या पहिल्या दोन हंगामांचा हिशोब 22-50 आणि 24-58. कोणी काढलं नाही, कारण हरणं योजनेत बसत होतं. तेच 2025 चं विजेतेपद घेऊन गेले. योजना मॅनेजमेंटची आणि शिव्या कोचला, असं तुमच्याकडे चाललं असेल तर तुमच्या पत्राने मॅनेजमेंटला आयता बळी मिळेल. कोच जाईल, लोक शांत होतील, आणि संघ ज्यांनी मोडला ते तिथेच.

उलट, यंदा जिंकायचंय असं ते म्हणत असतील तर ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत फेब्रुवारीत संपते. त्याआधी ते काय करतात त्यावरून कळेलच.

तिरका पास

हे पटलं. तरी टाइमआउटनंतरची ती रडकथा कोचच्याच खात्यावर. मान डोलावणाऱ्या गार्डला एकदा तरी बसवायला हवा होता.

बेंचवाला

ते मात्र शंभर टक्के. स्टारला बसवायचं तर वरून पाठिंबा लागतो. मायामी 2010 मध्ये लेब्रॉन आल्यावर 9-8 होतं तेव्हा सगळे कोच स्पोलस्ट्रांच्या मागे लागले होते. रायली तेव्हा वर मॅनेजमेंटमध्ये बसलेले, स्वतः खाली येऊन कोच झाले असते तर कोणाला नवल वाटलं नसतं. आले नाहीत. त्यामुळे खेळाडूंना कळलं की हा माणूस इथेच राहणार आहे. तुमच्याकडे कोचचा करार किती उरलाय?

शेवटचा क्वार्टर (धागाकर्ता)

पुढच्या हंगामापर्यंत. मुदतवाढ दिलेली नाही. म्हणजे तो गार्ड मान डोलावून स्वतःचंच का करतो तेही कळलं.

सही केली नाही. पत्राचा दुसरा मसुदा गटात टाकलाय: यंदाचं लक्ष्य काय ते मॅनेजमेंटने जाहीर करावं, अनुभवी गार्डची जागा ट्रेडच्या मुदतीआधी भरणार का ते सांगावं, आणि कोचला एकतर मुदतवाढ द्यावी नाहीतर उन्हाळ्यात नीट शोध घेऊन नवा आणावा, मध्यात असिस्टंट बसवून वेळ मारून नेऊ नये. मोकळ्या थ्रीवर स्वतंत्र परिच्छेद आहे, त्यात कोचला सोडलेलं नाही.

काही जणांना पटलंय. एकाने मला गटातून काढायचा प्रस्ताव मांडलाय.

टोमणे

हंगामाच्या मध्यात?