अमेरिकी सिनेटरचा कारभार आणि प्रचाराचा पैसा मूळ नोंदींवरून कसा तपासायचा?

पानगळ:
मंडळी, एका विद्यमान अमेरिकी सिनेटरवर लेख लिहायला घेतलाय. त्यांच्या संकेतस्थळावर सगळं गोडगोड, विरोधकांच्या जाहिरातींत सगळं काळंकुट्ट. मला तीन गोष्टी मूळ कागदांवरून हव्यात : कोणते कायदे खरोखर लावून धरलेत, सिनेटआधीची कारकीर्द, आणि निवडणुकीला पैसा कुठून आला. दोन वाक्यांवर अडलोय. 'सहा वर्षांत फक्त दोन कायदे केले' आणि 'अमुक कंपनी त्यांची सर्वांत मोठी देणगीदार'. छापावीत का?

टिपकागद:
दोन्ही आहेत तशी छापू नका. मी पहिल्याबद्दल लिहितो.

अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, काँग्रेस डॉट गव्ह या संकेतस्थळावर सदस्याच्या पानावर 'स्पॉन्सर्ड' (स्वतः मांडलेली विधेयकं) आणि 'कोस्पॉन्सर्ड' (दुसऱ्याच्या विधेयकाला नाव जोडलेली) वेगवेगळं दिसतं. दुसऱ्या यादीत शेकडो विधेयकं असली तरी हुरळून जाऊ नका, नुसतं नाव जोडायला काहीच लागत नाही. त्यातही 'ओरिजिनल कोस्पॉन्सर' कोण ते बघा. म्हणजे विधेयक मांडलं त्याच दिवशी नाव होतं, मागाहून वारा बघून नाही. मग 'एस. रेस.' प्रकारचे, म्हणजे फक्त सिनेटपुरते, ठराव गाळा. कुठल्या संघाचं अभिनंदन, कुठला तरी सप्ताह, असलं बरंच त्यात असतं आणि त्यांचा कायदा होतच नाही.

आता 'दोन कायदे'. तो आकडा फक्त त्यांच्या नावाने मांडलेलं विधेयक राष्ट्राध्यक्षांच्या सहीपर्यंत पोचलं का एवढंच सांगतो. सिनेटमध्ये बराचसा मजकूर संरक्षण खात्याच्या वार्षिक विधेयकात किंवा वर्षअखेरच्या खर्च विधेयकात घुसवून मंजूर होतो, आणि कायद्यावर नाव भलत्याचंच लागतं. म्हणून विधेयकाच्या पानावरचं 'रिलेटेड बिल्स' (संबंधित विधेयकं) उघडा आणि मूळ मसुद्यातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून मोठ्या विधेयकात शोधा.

प्राधान्यक्रम ओळखायचा माझा निकष साधा आहे. दर दोन वर्षांनी काँग्रेसची मुदत संपते तेव्हा अडकलेली सगळी विधेयकं मरतात (सध्याची ११९वी ३ जानेवारी २०२७ ला संपेल). तेच विधेयक नव्या क्रमांकाने दोन-तीन काँग्रेसमध्ये परत मांडलं असेल तर तो ध्यास. एकदा मांडून सोडलं तर ती पत्रकापुरती हौस.

मतदान बघताना अंतिम मताइतकंच 'क्लोचर'चं मत बघा. चर्चा थांबवायला ६० मतं लागतात, विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरतं. त्यामुळे क्लोचरला 'हो' म्हणून वाट मोकळी करायची आणि अंतिम मतदानात 'नाही' म्हणून मतदारसंघात मिरवायचं, हे दोन्ही जमतं. आणि तुमचे सिनेटर बहुमतातल्या पक्षाचे नेते असतील तर आणखी एक खाच : क्लोचर पडतंय असं दिसलं की नेता मुद्दाम 'नाही'कडे जातो, कारण फेरविचाराचा (तेच मतदान पुन्हा घेण्याचा) प्रस्ताव जिंकणाऱ्या बाजूने मत दिलेल्यालाच आणता येतो. विरोधक नेमकं तेच मत जाहिरातीत वापरतात.

कोरा_चेक:
पैशाचं मी घेतो. 'कंपनीने दिले' हे वाक्य जवळजवळ नेहमीच चूक असतं. कंपन्यांना केंद्रीय उमेदवारांना थेट देणगी द्यायला १९०७ पासून बंदी आहे. तुम्ही पाहिलेली बेरीज म्हणजे त्या कंपनीत नोकरी करतो असं लिहून दिलेल्या लोकांच्या वैयक्तिक देणग्या, अधिक कंपनीच्या पॅकचे (देणग्या गोळा करून उमेदवारांना देणाऱ्या राजकीय समितीचे) पैसे. पाच हजार अभियंत्यांनी आपापल्या मनाने दिलेले शंभर-दोनशे डॉलर आणि वरिष्ठांनी ठरवून दिलेले पैसे यांत फरक आहे की नाही?

एफईसी डॉट गव्ह या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जा. उमेदवाराचा क्रमांक 'एस'पासून सुरू होतो, समितीचा 'सी'पासून. प्रमुख प्रचार समितीचा 'फॉर्म ३' (जमाखर्चाचा अहवाल) उघडा आणि जमेच्या ओळी वाचा : ११(ए) व्यक्ती, ११(बी) पक्ष, ११(सी) पॅक, ११(डी) उमेदवाराचा स्वतःचा पैसा, १२ इतर अधिकृत समित्यांकडून वळवलेले. १२ मध्ये मोठी रक्कम असेल तर ती बहुधा संयुक्त निधी समितीची, म्हणजे अनेकांनी मिळून पैसा गोळा करायला काढलेल्या समितीची. तिचे देणगीदार त्या समितीच्या अहवालात सापडतील.

देणगीदारांची यादी, म्हणजे शेड्यूल ए, उतरवून स्वतः बेरीज करणारे हमखास एका ठिकाणी फसतात. ज्या नोंदींवर 'मेमो' रकान्यात 'एक्स' आहे त्या बेरजेत धरायच्या नाहीत, नाहीतर अॅक्टब्लू (डेमोक्रॅट) किंवा विनरेड (रिपब्लिकन) या ऑनलाइन देणगी मंचांमार्फत आलेला पैसा दोनदा मोजला जाऊ शकतो. एका निवडणूक चक्रात २०० डॉलरपर्यंत देणाऱ्याचं नाव प्रचार समितीला जाहीर करावं लागत नाही. पण या दोन्ही संस्था मध्यस्थ म्हणून प्रत्येक देणगी दाखवतात, तेव्हा छोटे देणगीदार त्यांच्या अहवालात मिळतात.

'कॉर्पोरेट पॅकचा पैसा घेत नाही' हे वचन असेल तर त्यांचा लीडरशिप पॅकही (इतर उमेदवारांना मदत करायला नेता चालवतो तो) तपासा, तिथे वचन लागू असतंच असं नाही. व्यापारी संघटनांचे पॅक बहुतेकदा त्या व्याख्येतून सुटतात.

सुपर पॅकचा, म्हणजे उमेदवाराला थेट न देता स्वतंत्र प्रचार करणाऱ्या समितीचा, पैसा प्रचार समितीच्या खात्यात दिसणारच नाही. २०१० च्या निकालांनंतर ते अमर्याद खर्च करू शकतात, फक्त उमेदवाराशी संगनमत नको. त्यासाठी 'इंडिपेंडंट एक्स्पेंडिचर' (स्वतंत्र खर्च) उघडून बाजूने आणि विरोधात असे दोन्ही आकडे घ्या.

पानगळ:
भारी! पण एका माणसाच्या नावावर मर्यादेच्या वर रक्कम दिसतेय. २०२५-२६ साठी ३,५०० डॉलर ना? भानगड आहे का?

कोरा_चेक:
३,५०० दर निवडणुकीला. प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) आणि सार्वत्रिक वेगळ्या, म्हणजे ७,०००. जॉर्जियासारख्या राज्यात दुसरी फेरी झाली तर तिची मर्यादा आणखी वेगळी. तिथले सिनेटर राफाएल वॉर्नॉक यांना जानेवारी २०२१ आणि डिसेंबर २०२२ अशी दोनदा दुसरी फेरी लढावी लागली. प्रत्येक नोंदीपुढे 'पी' (प्राथमिक), 'जी' (सार्वत्रिक), 'आर' (दुसरी फेरी) असं अक्षर असतं, ते बघा. तरीही जास्त असेल तर पुढच्या तिमाहीचा अहवाल उघडा. ६० दिवसांत परतफेड करता येते, किंवा रक्कम दुसऱ्या निवडणुकीकडे नाहीतर जोडीदाराच्या नावे वळवता येते. ते तपासल्याशिवाय 'भानगड' शब्द वापरू नका.

उंबरठा:
कारकिर्दीचं थोडक्यात. बायोगाइड या काँग्रेसच्या अधिकृत चरित्रकोशात शिक्षण, पदं, वर्षं मिळतात. त्रोटक पण भरवशाचं. जुने व्यवसाय आणि हितसंबंध यांसाठी सिनेटची आर्थिक विवरणपत्रं बघा, आणि निवडून येण्याआधी उमेदवार म्हणून भरलेलं पत्र आधी. आधीच्या मालकाकडून मिळणारं वेतन, भागीदारी, कंपनीशी केलेले करार, सगळं त्यात. मालमत्ता नेमक्या आकड्यात नसते, पट्ट्यांत असते : १,००१ ते १५,०००, १५,००१ ते ५०,००० असं चढत. म्हणून 'एकूण संपत्ती इतकी' असं छापू नका, किमान आणि कमाल द्या. १,००० डॉलरवरचे शेअरव्यवहार २०१२ च्या स्टॉक कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत कळवावे लागतात. ती तारीख आणि त्यांच्या समितीतल्या सुनावणीची तारीख शेजारी ठेवून बघा, पण जुळली म्हणून लगेच आरोप करू नका. पुष्कळदा व्यवहार जोडीदाराचे किंवा दलालाने केलेले असतात, आणि तेही त्याच पत्रात लिहिलेलं असतं.

टिपकागद:
@पानगळ, एक राहिलं. एफईसीच्या यादीतली व्यक्तींची नावं-पत्ते देणग्या मागायला किंवा धंद्यासाठी वापरायला कायद्याने मनाई आहे. लेखात बेरजा द्या, साध्या देणगीदारांची नावं नकोत.