रानरास्पबेरीला मराठीत काय म्हणायचं?

फोंडेकर: चोर्ला घाटात रस्त्याकडेच्या काटेरी झुडपावर काळ्या मण्यांचे घोस दिसले. मित्र म्हणाला, रानरास्पबेरी. दुसऱ्याने ठामपणे 'रानतुती' सांगितलं. लेखात कोणता शब्द वापरू? फोटो जोडलाय.

डिचोलीचा मी: शब्द नंतर, आधी झुडूप. पानं समोरासमोर, कोवळी फांदी चौकोनी. ही घाणेरी हो, टणटणी! पान चुरगळून हुंगलं असतंत तर मित्रांचं भांडण तिथेच मिटलं असतं. तिची हिरवी फळं विषारी, पोरंबाळं बरोबर असतील तर जपा. घाणेरीच्या घोसातला प्रत्येक मणी वेगळ्या फुलाचं वेगळं फळ असतो. रास्पबेरीचे सगळे मणी एकाच फुलातून येतात.

रानवेडी: 'रानतुती' मला अजिबात पटत नाही. तुती वड-फणसाच्या कुळातली. तिला काटे नाहीत आणि फळ देठासकट निघतं. रास्पबेरी गुलाबाच्या कुळातली. पिकलेलं फळ हलकेच ओढलं की गाभा झुडपावरच राहतो आणि हातात शिंप्याच्या अंगुस्तानासारखी पोकळ टोपी येते. ब्लॅकबेरीचा गाभा मात्र फळाबरोबरच येतो.

मराठीत 'गौरीफळ' हा शब्द आहे की! शास्त्रीय नाव रुबस निवियस, एरवी मायसोर रास्पबेरी. निवियस म्हणजे बर्फासारखं पांढरं. कमानीसारख्या वाकलेल्या लांब फांद्यांवर पांढरट थर असतो, बोट फिरवलं की पुसला जातो. काटे आकड्यासारखे, बाहीत अडकले की सुटता सुटत नाहीत. एका पानात बहुधा पाच ते नऊ पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं. पान उलटून बघा, खालून पांढरी लव दिसेल. फुलं गुलाबी, फळ आधी लाल, पिकलं की जांभळट काळं.

साखळीकर: पिवळ्या फळांची रास्पबेरीही गौरीफळच का?

रानवेडी: ती रुबस इलिप्टिकस, हिमालयाकडची हिसालू. तिच्या पर्णिका तीनच, फांद्यांवर तांबूस राठ केस, फुलं पांढरी. तिला मी तरी 'पिवळी रास्पबेरी' म्हणेन. एकच नाव दोघींना चिकटवलं की ओळख पटवताना घोळ होतो.

डिचोलीचा मी: 'काटेरी रानफळ' असं मोघम मात्र लिहू नका. आमच्याकडे गोव्यात 'कांटां' म्हणजे करवंदं, वाचक थेट तिकडेच जाईल. करवंद तोडलं की पांढरा चीक येतो, तेवढी खूण पुरे. शिवाय गौरीफळ हे घाटमाथ्याच्या थंड हवेतलं झुडूप, किनाऱ्याकडच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, शोधत बसू नका.

फोंडेकर: फोटोखाली 'घाणेरी' लिहितो. लेखात पहिल्यांदा 'गौरीफळ, म्हणजे रानरास्पबेरी', पुढे नुसतं 'गौरीफळ'. अनेकवचन?

रानवेडी: गौरीफळं. फळ-फळं, तसंच.