प्रिन्स्टनमधील (न्यू जर्सी) चार सरकारी प्राथमिक शाळांपैकी निवड कशी करावी? अनुभवी पालकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी येत्या सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीच्या वर्गात) जाईल. सध्या आम्ही प्लेन्सबरोला भाड्याने राहतो आणि जूनअखेर प्रिन्स्टनला जायचे ठरवले आहे. तेथील स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक व्यवस्था) लहान आहे. कम्युनिटी पार्क, जॉन्सन पार्क, लिटलब्रूक आणि रिव्हरसाइड अशा चारच प्राथमिक शाळा असून सहावीपासून सगळी मुले एकाच मिडल स्कूलमध्ये येतात. शाळा घराच्या पत्त्यावरून ठरत असल्याने, घर शोधण्याआधी शाळेचा विचार पक्का करणे आम्हाला भाग आहे.

घरांच्या जाहिरातींत शाळेच्या नावापुढे दहापैकी गुण दिलेले असतात. सुरुवातीला आम्हीही त्यावरच विसंबून होतो. नंतर राज्याच्या शिक्षण खात्याचे शाळानिहाय अहवाल वाचले, तेव्हा लक्षात आले की राज्याची परीक्षा तिसरीपासून सुरू होते. म्हणजे किंडरगार्टन ते दुसरी या ज्या तीन वर्षांची आम्हाला सर्वाधिक काळजी आहे, त्यांचे प्रतिबिंब त्या परीक्षेच्या निकालाच्या टक्केवारीत मुळीच नाही. शिवाय लहान शाळेत एका इयत्तेतील मुले मोजकीच असल्यामुळे चार-पाच मुलांच्या निकालानेही टक्केवारी खालीवर होते, आणि दोन शाळांमधला फरक शिकवण्यातला आहे की त्या वर्षीच्या मुलांतला, हे बाहेरून समजत नाही. पूर्वी सारखेच गुण मिळवणाऱ्या राज्यभरातील मुलांच्या तुलनेत एखादे मूल किती पुढे गेले हे सांगणारा प्रगतीचा आकडा मला अधिक न्याय्य वाटतो, परंतु तोही चौथीपासूनच मिळतो. त्यामुळे सध्या मी १० टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण पाहत आहे, कारण त्यात किंडरगार्टनची मुलेही मोजली जातात. हा निकष कितपत उपयोगी आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आमची खरी अडचण मात्र भाषेची आहे. घरी आम्ही केवळ मराठी बोलतो. मुलीला इंग्रजी समजते, पण अनोळखी माणसांसमोर ती गप्पच राहते. त्यातून वाढदिवस ऑगस्टअखेरचा, म्हणजे वर्गातील बहुतेक मुले तिच्याहून वयाने मोठी असणार. विदरस्पून स्ट्रीटवरील कम्युनिटी पार्कमध्ये २०१५ पासून इंग्रजी-स्पॅनिश द्विभाषिक वर्ग आहेत, ज्यांत काही विषय स्पॅनिशमधून शिकवले जातात. माझ्या यजमानांना ही मोठी संधी वाटते, कारण जिच्या कानावर आधीच दोन भाषा पडत आहेत तिला तिसरी सहज येईल, असे त्यांचे मत आहे. मला मात्र असे वाटते की इंग्रजीत अजून न रुळलेल्या मुलीला अर्धा दिवस आणखी एका नव्या भाषेत बसवले, तर ती अधिकच मिटून जाईल. घरी मराठी, गुजराती किंवा तमिळ बोलणाऱ्या कोणाची मुले त्या वर्गांत शिकली आहेत का? पहिले सहा महिने कसे गेले, आणि इंग्रजी वाचन मागे पडले का? शनिवार-रविवारच्या मराठी शाळेसाठी मुलांमध्ये उत्साह उरला का, हेही कळले तर फार बरे होईल.

याच्याशीच जोडलेला आणखी एक प्रश्न आहे. नाव नोंदवताना घरच्या भाषेची प्रश्नावली भरावी लागते, आणि घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा आहे असे लिहिले की मुलांच्या इंग्रजीची तपासणी होऊ शकते. ‘तेथे मराठी लिहू नका, विनाकारण मुलीवर शिक्का बसेल,’ असे दोन परिचितांनी मला निक्षून सांगितले. खोटे लिहिण्याची माझी तयारी नाही. तिला इंग्रजीचा अधिक आधार खरोखर लागणार असेल, तर तो तिला मिळायलाच हवा. तरीही असा आधार देताना मुलांना कोणत्या तासाला वर्गाबाहेर नेतात, की शिक्षिकाच वर्गात येतात, आणि चारही शाळांत ही व्यवस्था सारखीच आहे का, हे ज्यांची मुले त्यातून गेली आहेत त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

शाळा सुटल्यानंतर साडेपाचपर्यंत मुलीला शाळेतच ठेवण्याची सोय आम्हाला लागेल. त्यासाठीची प्रतीक्षायादी कोणत्या शाळेत मोठी असते, हेही कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. ज्यांनी एकाच वेळी दोन मुलांना यांपैकी वेगवेगळ्या शाळांत घातले आहे, किंवा मध्येच घर बदलल्यामुळे मुलाची शाळा बदलावी लागली, त्यांचे मत आम्हाला विशेष मोलाचे वाटेल. पुढील महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही घरे पाहायला सुरुवात करणार आहोत, त्यामुळे त्याआधी उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.