एलईसीसाठी वेगळं पॉलिमर घडवायचं, की ओएलईडीचंच वापरायचं?

पॉलिमरवाली (धागाकर्ती):
एलईसी, म्हणजे प्रकाश देणारा विद्युतरासायनिक घट, १९९५ मध्ये किबिंग पेई, ॲलन हीगर आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात करून दाखवला. दोन इलेक्ट्रोडमध्ये एकच थर: चमकणारं पॉलिमर, पीईओ (आयनांना वाट देणारं ध्रुवीय पॉलिमर, पॉलिइथिलीन ऑक्साइड) आणि लिथियमचा क्षार; शेवटचे दोन मिळून इलेक्ट्रोलाइट. व्होल्टेज दिलं की आयन सरकतात, एका बाजूला पी (पॉलिमरमधून इलेक्ट्रॉन काढून), दुसरीकडे एन (इलेक्ट्रॉन घालून) डोपिंग होतं आणि मधे जंक्शन, म्हणजे प्रकाश देणारी सीमा, आपोआप उभं राहतं. म्हणजे इथे पॉलिमरच्या साखळीचंच ऑक्सिडीकरण आणि क्षपण होतं. ओएलईडीसाठी (सेंद्रिय पदार्थांचा एलईडी, ज्यात असे सरकते आयन नसतात) घडवलेल्या पॉलिमरवर हे ओझं का टाकायचं? शिवाय ते तेलकट, पीईओ ध्रुवीय. फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली धरली की नासलेल्या दुधासारखी फुटलेली दिसते. पेई आणि यांग यांनी १९९६ मध्येच पॉलिफ्लुओरिन या चमकणाऱ्या पॉलिमरला पीईओसारख्या ईथरच्या शेपट्या जोडल्या होत्या. तीच वाट पुढे न्यायला हवी.

आयनदादा:
ताई, असहमत. सुपर यलो हे पिवळा प्रकाश देणारं पॉलिमर ओएलईडीसाठीच बनलं, तरी एलईसीत उत्तम चालतं. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या लुडविग एडमन यांच्या गटाने इलेक्ट्रोलाइट बदलून आयुष्य वाढवून दाखवलं. ऋणाग्रापाशी बऱ्याचदा आधी इलेक्ट्रोलाइटच क्षपित होतो, पॉलिमर नंतर. दोष त्याचा आणि शिक्षा पॉलिमरला? नवीन पॉलिमरसाठी नवीन मोनोमर (साखळीचे सुटे दुवे) बनवा, ते जोडायला पॅलेडियम वापरून सुझुकी अभिक्रिया करा, मग उरलेलं पॅलेडियम काढत बसा. क्षार बदलणं दुपारभराचं काम आहे.

बल्बवाला:
एलईडी इतके स्वस्त झालेत, मग हा खटाटोप कशाला?

पॉलिमरवाली:
@बल्बवाला, कारण कॅल्शियमसारखा हवेत टिकत नाही असा धातू इथे लागत नाही आणि थर जाड-पातळ झाला तरी चालतं. २०१२ मध्ये उमेओवाल्यांनी डॅनिश सहकाऱ्यांसोबत उघड्या हवेत, स्लॉट-डायने (अरुंद फटीतून द्रव पसरवून), लवचीक पट्टीवर एलईसी करून दाखवले.

@आयनदादा, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. मिलिमीटरभर अंतरावर दोन इलेक्ट्रोड, मधे पॉलिमरची फिल्म, खालून ऊब आणि वर अतिनील दिवा. डोपिंग झालेला भाग काळा पडतो, म्हणून फिल्मची चकाकी दोन्ही कडांकडून काळवंडत आत सरकते. धनाग्राकडचा काळा काठ पुढे धावतो, ऋणाग्राकडचा रेंगाळतो. त्यांची गाठ पडते ती ऋणाग्राजवळ, आणि उजेडाची बारीक रेघ तिथेच उमटते. पातळ घटात हेच झालं तर धातू प्रकाश गिळतो. एन डोपिंग सहज स्वीकारणारे घटक साखळीत गुंफल्याशिवाय ही रेघ मध्यावर कशी येणार?

आयनदादा:
आयनांचं प्रमाण बदलूनही रेघ सरकते हो! डोपिंगला आयन पुरले नाहीत तर काठ अर्ध्यात थांबतात.

पॉलिमरवाली:
मान्य, पण निळ्याचं काय? तिथे पॉलिमरच्या भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन-पातळ्यांमधलं ऊर्जा-अंतर ३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. दोन्ही डोपिंग एकाच इलेक्ट्रोलाइटच्या सहनशक्तीत बसवायची तर पातळ्या साखळीतच हलवाव्या लागतील.

आयनदादा:
निळ्यापुरतं पटतं. पिवळ्यासाठी मात्र मी सुपर यलो सोडणार नाही. आणि शेपट्या जोडायच्याच असतील तर आखूड ठेवा. लांब झाल्या की साखळ्या दूर जातात आणि विद्युतभाराला उडी मारणं जड होतं. तुम्ही किती लांबीपर्यंत करून पाहिलंय?