'वर्डपॅड कोण वापरत होतं?' मी वापरत होतो. बोला!

गिरगावकर: कालच्या त्या पोस्टला उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. महाशय लिहितात, "वर्डपॅड काढलं ते बरंच झालं. गेल्या दहा वर्षांत कुणी उघडलं असेल तर हात वर करा." घ्या, दोन्ही हात वर.

वर्डपॅड म्हणजे ठळक-तिरपं, मधोमध एवढं जमणारा साधा लिहायचा प्रोग्राम, विंडोज ९५ पासून मशीनसोबत फुकट यायचा. त्याआधी तिथे 'राइट' होतं. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये वर्डपॅड काढणार म्हणून सांगितलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ या २०२४ च्या अपडेटमध्ये काढलंसुद्धा. वर सल्ला काय, तर डॉक आणि आरटीएफ (मजकुरासोबत फॉन्ट-मांडणी साठवणाऱ्या फाइली) यांसाठी वर्ड वापरा, साध्या मजकुराला नोटपॅड. म्हणजे चाळीतला सार्वजनिक नळ तोडायचा आणि सांगायचं, खालच्या दुकानात बाटलीबंद पाणी मिळतं की!

अठरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. 'टाकी धुण्यासाठी पाणी बंद', मथळा ठळक, मधोमध, खाली दोन ओळी, प्रिंट. झालं. एवढ्यासाठी दरवर्षी पैसे भरू?

विंडो_सीट: काका, भावना पोहोचल्या. पण लिब्रेऑफिस फुकट आहे, ब्राउझरमधलं वर्डही फुकट आहे. वर्डपॅडमध्ये साधं स्पेलचेक नव्हतं. विंडोज ७ पासून डॉकेक्स, म्हणजे वर्डची नवी फाइल, उघडायचं, पण मांडणीची वाट लावून. त्याचं कसलं सुतक पाळताय?

गिरगावकर: काका कोण? लिब्रेऑफिस उतरवायचं म्हणजे तीनशेच्या वर एमबी. दोन ओळींच्या नोटिशीला! उद्या डास मारायला तोफ आणा.

फोर्टचा_टायपिस्ट: दोघांचंही मराठीकडे लक्ष नाही. नोटपॅड अख्ख्या फाइलला एकच फॉन्ट दाखवतं आणि त्याचं नाव फाइलमध्ये ठेवतही नाही. आमचे अर्ज अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरं दाखवायचे. ते मराठी साध्या मजकुरात नाही, आरटीएफमध्ये टिकायचं, कारण कुठल्या ओळीला कुठला फॉन्ट हे सोबत जायचं.

अर्धा_कटिंग: जुन्या फॉन्टचं कौतुक नका सांगू! मामाचे नाटकांवरचे लेख फ्लॉपीवर होते, सगळे आरटीएफ. आज उघडले की इंग्रजी अक्षरांची भेळ. तुम्हा डीटीपीवाल्यांनी मराठीची एक अख्खी पिढी गाडून ठेवली.

फोर्टचा_टायपिस्ट: आम्ही गाडली? ९८ साली तुमचं युनिकोड कुठे होतं हो? देवनागरी युनिकोडच्या कागदावर १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये मंगल फॉन्ट यायला २००० उजाडलं. तोवर लग्नपत्रिका काय खडूने लिहायच्या?

अर्धा_कटिंग: निदान आता युनिकोडमध्ये शोधता तरी येतं.

फोर्टचा_टायपिस्ट: येतं? 'दऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही सारखेच, पण एक शोधा, दुसरा सापडेलच असं नाही. माझ्याकडे एका वकिलांचा दोनशे पानांचा मजकूर आहे, त्यात दोन्ही. बसलोय सुधारत.

विंडो_सीट: धागा वर्डपॅडचा होता ना?

अर्धा_कटिंग: तुम्ही थांबा जरा.

पोटमाळा: नोटपॅडचं मला सांगू नका. २०१२ मध्ये आईच्या पाककृती मराठीत उतरवल्या, चाळीसेक. सेव्ह करताना त्याने इशारा दिला होता, मी न वाचता ओके दाबलं. दुसऱ्या दिवशी भरल्या वांग्यापासून पुरणपोळीपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. चूक माझीच. आई गेली, आता विचारणार कुणाला? २०१९ पासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं टिकतील अशा युनिकोडच्या प्रकारात, सेव्ह करतं. मला काय उपयोग!

आणि गंमत बघा. नोटपॅडला आधी टॅब दिले, मग स्पेलचेक, २०२५ मध्ये ठळक-तिरपी अक्षरं. वर लिहून देणारं एआय, पण त्यासाठी लॉगिन. वर्डपॅड मारलं आणि त्याचेच कपडे नोटपॅडला घातले.

गिरगावकर: हेच, हेच म्हणत होतो मी!

विंडो_सीट: तुम्ही टाकीबद्दल बोलत होतात. पण बरं, हे मान्य. एवढंच करायचं होतं तर वर्डपॅडच ठेवायचं होतं. घ्या, जिंकलात. नोटीस मात्र व्हॉट्सॲपवर टाका, जिन्यात कुणी वाचत नाही.

गिरगावकर: तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे साधा फोन आहे. त्या वाचतात.

फोर्टचा_टायपिस्ट: @अर्धा_कटिंग, मामांची फाइल वर्डमध्ये उघडा, भेळ निवडा आणि वर फॉन्टचं नाव बघा. ते कळलं की त्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर शोधता येतो. नोटपॅडमध्ये असतं तर नावही कळलं नसतं.

अर्धा_कटिंग: बघितलं. नाव आहे. (गप्प बसतो.) तुम्ही करून द्याल का? सत्तरेक पानं आहेत.

फोर्टचा_टायपिस्ट: फोर्टला या, पानाचा भाव समोरासमोर ठरवू. आणि ऱ्य स्वतः तपासून घ्या, नाहीतर पुन्हा डीटीपीवाल्यांच्या नावाने शंख.